उजव्या अंगावरचं रक्त

आईला शेजाऱ्यानं मारलं, असा हनुमंतचा सकाळीच फोन आला. फौजदार उज्ज्वला डोंगरावरच्या वाडीत पोचल्या, तोवर त्याच्या आईला, आक्काबाईंना, झोळीत घालून खाली दवाखान्यात नेलं होतं. शेजारचे कोंडूआबा रक्ताळलेल्या हातांनी ओट्यावर बसले होते. बांधावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं अबोला, त्यामुळे वाडीनं निकाल कधीच देऊन टाकला होता.

घरात झटापट दिसेना. कुऱ्हाड कोरडी होती. चुलीपाशी एक राखाडी पीस पडलं होतं.

"आबा, काय झालं?"

"न्हाई सांगायचं."

"आत जाल."

"जाईन."

हनुमंत लोणावळ्यात हॉटेलात कामाला. महिनाभर आईशी बोलणंच नाही, म्हणाला. मग ऐन शनिवारच्या गर्दीत आज कसा आलास? सहज, म्हणाला.

"आबांनीच मारलं कशावरून?"

"दुसरं कोण मॅडम? काल संध्याकाळी तिची जीभ तेवढी जड होती, बाकी बरी होती."

दवाखान्यात कळलं, अंगावर जखम एकही नाही. रक्त फक्त उजव्या हातापायाला चोळलेलं, आणि तीच बाजू लुळी.

उज्ज्वलांनी दोघांना बाकावर बसवलं.

"रक्त पारव्याचं आहे. अंगावरून वारं गेलं की चोळतात. औषध बोलून दाखवलं की गुण जातो, म्हणून आबा गप्प."

कोंडूआबा रडू लागले. सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसेना, म्हणून ते आत गेले होते.

उज्ज्वला पुढे म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात, घात केला रक्ताच्या गुठळीनं. मेंदूत डावीकडे अडकली, उजवं अंग आणि वाचा गेली. गुठळी बारीक असली तर विरघळते, माणूस घटकाभर अडखळून सावरतो. मोठी असली तर काही तासांत इंजेक्शन लागतं. ते तास कालचे होते. हनुमंत, महिनाभर बोलला नाहीस, तर जीभ जड होती हे तुला कळलं कसं?"

हनुमंतनं खिशातला फोन काढून बाकावर ठेवला.

"तिनं फोन केलेला. बोबडं बोलत होती. वाटलं, प्यायली असेल. ठेवला मी. सकाळी आबांचे हात बघितले आणि जिवाला बरं वाटलं, माझ्यामुळे नाही झालं म्हणून."

याला कलम नाही, एवढंच उज्ज्वला म्हणाल्या.

कोंडूआबा हळूच म्हणाले, मागल्या आठवड्यात विहिरीवर तिच्या हातून हंडा निसटला होता. ती जरा थांबली, मग चालू लागली. ते बांधावरून बघत होते. विचारलं मात्र नाही.

"ती बोलंल का परत?"

बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, थोडंफार. कदाचित.

"इतकी वर्सं मी बोललो न्हाई," कोंडूआबा उठत म्हणाले. "आता तिला येत न्हाई, तर मलाच बोलाया पायजे."

आणि ते आत तिच्या खाटेपाशी गेले.