चारशे बासष्ट मीटर

धावडा गावाच्या वरच्या कड्यावर बिया पेरायला माणूस पोचत नाही, म्हणून त्या आकाशातून टाकायच्या, ही आमची मोहीम! माझी मामेबहीण प्रियदर्शनीताई वैमानिक आहे आणि तिच्याकडे दोन माणसांचं छोटं विमान आहे. मी अंगद, जालन्यात बियाण्याच्या दुकानात वजनकाट्यावर बसतो. सलई, बेहडा, अंजनाच्या वीस किलो बिया तिच्या आईनं, म्हणजे माझ्या द्वारकामामीनं, गावातल्या बायकांना घेऊन वर्षभर डोंगर तुडवून जमवल्या होत्या. त्या वाया गेल्या असत्या तर मामीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

अंबडजवळच्या माळावर ताई पेट्रोल तपासत होती. मी शेजारच्या सीटवर बसून उंची दाखवणारी डायल बघत होतो. विमान जमिनीवर आणि काटा चारशे बासष्टवर! आमच्या दुकानात रिकामा काटा शून्यावर आणल्याशिवाय मी काट्यावर काही ठेवत नाही. खाली बटण होतं. फिरवलं, काटा शून्यावर आणला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ताईनं डायल आधीच लावून ठेवलेली, त्यामुळे तिनं पुन्हा बघितलं नाही.

भोकरदनपर्यंत सगळं सुरळीत होतं. खाली रस्ते, तळी, कपाशीची हिरवी शेतं उलगडत होती आणि ताई गुणगुणत होती. पुढे मात्र ढग आले. बघता बघता वर, खाली, चहूकडे पांढरं झालं.

ताईनं डायल पाहिली. हेडफोनमधून तिचा आवाज आला, "कडा साडेआठशेचा हाय अन् आपण सातशेवर. वर चढावं लागंल."

विमान चढू लागलं. ढग दाटला. एक पंख कलला. ताईनं सावरलं. पुन्हा कलला! खालचं काही दिसत नसलं की विमान सरळ आहे का, हेही कळत नाही. काटा सातशे चाळीसवर गेला. ताई त्याच काट्यावर विसंबली होती, आणि आता शरम गिळावीच लागणार होती.

"ताई, म्या तो काटा शून्यावर आणल्ता."

"कवा?"

"निघायच्या आधी."

"आधी किती दाखवू राह्यल्ता?"

"चारशे बासष्ट. काट्यावरचा आकडा मी इसरत न्हाई."

"येड्या, ती समुद्रापासूनची उंची व्हती. नकाशात कडा बी तिथूनच मोजलेला हाय."

तिनं बटण उलटं फिरवून चारशे बासष्ट वाढवले. काटा सरसर धावला. बाराशे दोन! कड्याच्या वर साडेतीनशे मीटर मोकळी हवा होती. ताईनं माझ्या आकड्यावर दोघांचा जीव सोपवला आणि विमान खाली घेतलं. अकराशे. साडेदहाशे. ढग फाटला! खाली ओला, काळाभोर कडा पसरला होता. मी पोती मोकळी केली, आणि बिया थेट कपारींत पडल्या. असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

धावड्याच्या माळावर उतरलो. मामी भाकरी, ठेचा घेऊन थांबली होती, सोबत गावातल्या पंधरा-वीस बायका. ताई म्हणाली, "अंगदला आकडा ध्यानात व्हता म्हणून वाचलो." ती तेवढंच बोलली. मला ते गोड लागलं, पण ते अर्धंच खरं होतं. मग मीच सगळ्यांसमोर सांगितलं, की गोंधळ माझाच होता.

मामीनं मग दुसरी भाकरी वाढली.

"येळेवर बोललास," ती म्हणाली, "म्हणून माही लेक जेवू राह्यली. खाय आता."