नवमीची नाडी

बोईसरच्या आमच्या कंपनीत कॅमेऱ्याने नाडी मोजतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. पडद्यावर चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन येतो, शेजारी आकडा आणि ठोक्यांची रेघ. यात जादू काही नाही. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आमच्या गावच्या, केळव्याच्या नेटवर्कवरही बेताचाच.

त्या दुपारी अविधवा नवमी होती, आई गेल्यानंतरची पहिली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने आमच्याकडे या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. बाबांनी स्वतः वालाचं बिरडं आणि खीर केली. शेजारच्या वैष्णवीकाकूंना आईची कोरी साडी नेसायला दिली आणि आईच्या पाटावर बसवलं. मी समोर खिडकीशी लॅपटॉप उघडला आणि त्याला जोडलेला कॅमेरा पाटाकडे लावला. घरातल्या उजेडात यंत्र कसं चालतं ते बघायचं होतं.

“आज तरी ते ठेव रे, नीलेश,” बाबा म्हणाले.

“असू दे हो, भावजी,” काकू हसल्या. “माजी नाडी हाय का नाय ते तरी कळेल.”

रेघ उमटली आणि माझा हात थांबला. काही ठोके सरळ, मग एक गाळलेला, मग दोन घाईघाईचे. आईचं हृदय असंच चालायचं. लहानपणी तिच्या छातीला कान लावून मी त्या गाळलेल्या ठोक्यानंतरच्या ठोक्याची वाट बघायचो. तो येईपर्यंत मला धीर नसायचा.

“काकू, तुमच्या छातीत कधी धडधडतं का?”

“माज्या? अख्ख्या वाडीला पाणी लावते मी! मला काय धाड भरलीय?”

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कॅमेरा माझ्याकडे वळवला. माझी रेघ सरळ होती. पाटाकडे वळवला, तर पुन्हा तेच. मग मी तपासणं सोडून दिलं. आई मला हवी होती, एवढंच. काकूंना मी आग्रह करकरून खीर वाढत राहिलो.

शेवटी त्या हात धुवायला मागच्या दारी गेल्या.

चौकोन पाटावरच राहिला. त्याच्या आत आता नुसती मागची भिंत होती.

बाबा पान उचलायला वाकले.

“बाबा, थांबा.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. रेघेवरचा गाळलेला ठोका त्यांनीही जन्मभर उशाशी ऐकला होता. ते हळूच खाली बसले.

“अगो,” ते पाटाकडे बघून म्हणाले, “पोटभर जेवलीस ना?”

रेघ संथ झाली.

मला राहवलं नाही. “आई.”

आकडा वाढला.

“आई, मी इथे आहे. खिडकीशी.”

चेहरा कॅमेऱ्याकडे सरकला की चौकोन मोठा होतो.

तो मोठा होऊ लागला. वाढत वाढत पडद्याच्या कडांना टेकला. कॅमेऱ्यामागे, हातभर अंतरावर, मी बसलो होतो.