मंडळीच्या रानातलं निदण

पौषातली दुपार होती आणि नाथाजी वडील खुरपं घेऊन मंडळीच्या रानाकडे निघाले होते. यात नवं काही नव्हतं. दर वर्षी याच दिवसांत ते असेच निघत, आणि दर वर्षी असेच चिडलेले असत. मंडळीत हात चालवणारे थोडे आणि तोंड चालवणारे फार, असं त्यांचं ठाम मत होतं.

कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती, तीच ही मंडळी; त्यांचं प्रार्थनेचं एक कौलारू देऊळ होतं आणि देवळामागं नदीपर्यंत उतरत गेलेला रानाचा तुकडा होता. त्यात खपली गहू पेरायचा, बायकांनी तो घरच्या जात्यावर दळायचा आणि प्रभुभोजनाच्या दिवशी देवळात त्याचीच भाकर मोडून सगळ्यांना वाटायची, ही तिथली जुनी चाल. भाकर प्रभूची, तेव्हा तिच्यात तणाचं एक बी जाता कामा नये. ही जबाबदारी नाथाजींची. मंडळीचा कारभार बघायला लोकांनी निवडलेल्या माणसाला तिकडं वडील म्हणतात. नाथाजी इतकी वर्षं वडील होते की लहान मुलांना ते त्यांचं आडनावच वाटे. वडील झाले त्या दिवशी मंडळीनं दिलेलं हिरव्या काठाचं उपरणं अजून त्यांच्या खांद्यावर असे.

त्या रानात एक तण उगवे, हुबेहूब गव्हासारखं. तेच पान, तीच उंची. ओंबी बाहेर पडेपर्यंत भल्याभल्यांना फरक कळत नसे. नाथाजींना कळे. बुडाशी बोट घालून जराशी तांबूस झाक दिसली की उपट, संपलं. "मला वळकाया ओंबी लागत न्हाई," असं ते चारचौघांत सांगत, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच म्हणणं होतं.

त्या वर्षी त्यांनी हरणाबाईला ओळखलं होतं.

हरणाबाई ही मंडळीतली विधवा. एकुलता एक ज्ञानू पलटणीत, लढाईवर इटलीला गेलेला, आणि बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला, आणि दुसऱ्या दिवशी हरणाबाई मोटारीतून उतरली ती कपाळभर गुलाल घेऊन. नेमके नाथाजी तिथं उभे. पोरासाठी नवस बोलून आली, दुसरं काय! त्यांना आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही.

मंडळीच्या सभेत मात्र विचारावं लागलं.

"भाच्याकडं गेले व्हते," हरणाबाई म्हणाली. "त्यो पलटणीतनं रजेवर आलाय. ज्ञानूचं कायतरी कळंल म्हून गेले. वाटंत रथ आडवा आला. गुलाल काय मानूस बघून पडतुय व्हय?"

"हात जोडलंस का न्हाईस, त्येवढं सांग."

हरणाबाई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तवा माज्या मनात काय आलं, त्ये देवाला ठावं. मलाच उमगंना, तर तुमास्नी काय सांगू?"

नाथाजींना ती गप्प राहिली तेवढंच पुरेसं होतं. मंडळीचे धर्मगुरू दानिएल पाळक, त्यांनी येशूनं सांगितलेली शेतधन्याची गोष्ट काढली. गव्हात निदण, म्हणजे तण, उगवलं, चाकर म्हणाले उपटू का, तर धनी म्हणाला, राहू द्या, त्याच्याबरोबर गहूही उपटाल. कापणीला माझे कापणारे येतील. ते निदणाच्या पेंढ्या बांधतील जाळायला, आणि गहू कोठारात नेतील.

"आपण चाकर, वडील," पाळक म्हणाले. "मनातलं बघणारा वेगळा आहे."

"तुमी पुस्तकातलं सांगताय साहेब, मी रानातलं सांगतो. तण ठेवलं की त्ये गव्हाला खातंय."

शेतकरी माणसंच ती. सगळ्यांच्या माना हलल्या. हरणाबाईची भाकर बंद झाली. पुढच्या प्रभुभोजनाला ती देवळाबाहेर, खिडकीखाली बसून राहिली, आणि आत भाकर फिरत असताना तिचं खोकणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

आता ती अंथरुणाला खिळली होती. छातीत कफ दाटला होता. त्याच सकाळी पाळक नाथाजींच्या ओसरीवर आले होते. "तिला भाकर हवीय. फार दिवस काढील असं दिसत नाही. तुम्ही हो म्हणा, म्हणजे मी जातो."

"आदी कबुली."

"न केलेल्याची?"

"केलं न्हाई असं तरी म्हंती का ती? आँ? नुस्ती गप बसती!" नाथाजींचा आवाज चढला. त्यांना हेच सहन होत नसे. चोर चोरी नाकारतो, भला माणूस शपथ घेतो. ही बाई धड इकडची नाही, धड तिकडची नाही. पाळक पायऱ्या उतरून गेले तरी नाथाजी एकटेच बडबडत राहिले आणि शेवटी खुरपं उचलून निघाले.

रानात शिरल्यावर त्यांना बरं वाटलं. इथं निदान वाद घालायला कोणी नव्हतं. एकेक सरी धरून ते बसत, बुडं चाचपत आणि उपटत. तण यंदा फार होतं. मूळ सुटताना एक बारीकसा आवाज येई, झोपेत कोणी श्वास टाकावा तसा. पहिल्यांदा त्यांनी मागं वळून पाहिलं. मग माती ओली आहे, होतो आवाज, असं म्हणून ते कामाला लागले. दर उपटीला तो श्वास येतच राहिला.

दिवस कलला तेव्हा बांधावर टाकलेलं तण म्हशीसाठी बांधावं म्हणून ते तिकडे गेले आणि उभेच राहिले.

बांधावर गहू पडला होता. पिकलेला. दाणे भरलेल्या पिवळ्याधमक ओंब्या. रानात अजून एका ताटाला ओंबी नव्हती, सगळं हिरवंगार उभं होतं, आणि त्यांनी हातानं उपटलेलं तेवढं फाल्गुनातल्यासारखं पिकून पडलं होतं. एक ओंबी त्यांनी तळव्यावर चोळली. टपोरे, लालसर दाणे निघाले.

त्यांनी घरून बायकोला बोलावून आणलं. लीलाबाईनं वाकून पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"आवं, ह्यो तर गहू हाय. पौषात पिकलाय?"

"माज्या हातात तणच व्हतं. बुडाला तांबडं व्हतं, म्या बगितलं."

"आता उपटू नगा. माजं ऐका, ऱ्हाऊ द्या..."

"मला शिकवू नगंस!" नाथाजी ओरडले. इतक्या वर्षांची नजर एका दुपारीत खोटी ठरते म्हणजे काय! त्यांना भीती वाटायला हवी होती, पण त्यांचा नुसता संताप संताप झाला. रात्रभर ते कूस बदलत राहिले आणि उजाडताच खुरपं घेऊन पुन्हा रानात गेले. आज एकेक ताट डोळ्यांपुढं धरून उपटायचं, मग बघू.

धुकं पडलं होतं. कृष्णेकाठचं पौषातलं धुकं म्हणजे पुढचा हात दिसत नाही. देऊळ गेलं, नदी गेली, पायाखालची सरी तेवढी उरली. ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात कुठूनसा वाळल्या काडाचा, खळ्यावर येतो तसला वास मिसळला होता.

नाथाजी खाली बसले. पहिल्या बुडाला हात घातला आणि त्यांना आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

विळ्याला धार लावल्याचा आवाज. उभी हयात शेतात गेलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. दगडावर पाणी टाकून कोणीतरी सावकाश विळा घासत होतं. आधी नदीच्या बाजूनं. मग देवळाच्या बाजूनं. मग पाठीमागूनही. चारी बांधांवर माणसं बसली असावीत आणि प्रत्येकाच्या हातात विळा असावा, असा तो आवाज होता.

"कोन हाय रं तिकडं?"

आवाज थांबला नाही.

"कापनीला आजून लय दीस हायत! कुनी बोलावलं तुमास्नी?"

धुक्यातून कोणीतरी बोललं. बाईचा आवाज म्हणावा तर बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. रागाचा तर मुळीच नव्हता.

"आमी थांबलोय... तुमचं झालं का?"

"काय झालं का?"

"निवडून. तुमी निवडताय म्हून आमी थांबलोय. तुमचं झालं असंल... तर आमी लागतो."

नाथाजींच्या जिभेवर शब्द आला होता. झालं! कवाच झालंय! सभेत बोलले होते तशाच ठसक्यात म्हणायचं होतं. त्यांनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. बुडाला तांबूस झाक होती. मग शेजारचं पाहिलं. त्यालाही होती. त्याच्या शेजारी, त्याच्या पलीकडे, सगळ्या सरीत, जिथवर धुकं दिसू देत होतं तिथवर प्रत्येक ताटाच्या बुडाला तीच तांबूस झाक होती. आणि आपण हे ज्याच्या जोरावर ओळखत आलो ते हे बोट... त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटालाच तांबडं लागलं होतं. पुसलं, तरी गेलं नाही.

चारी बाजूंनी घासण्याचा आवाज एकदम बंद पडला. धार लावून झाली होती.

"तुमचं झालं का?"

या रानात आपलं ताट कुठलं, हा विचार नाथाजींच्या मनात उभ्या जन्मात पहिल्यांदा आला.

"न्हाई..." ते कसंबसं म्हणाले. "न्हाई झालं. मला... मला कळत न्हाई. थांबा. थांबा जरा."

नाथाजी खुरपं तिथंच टाकून धुक्यातून पळत सुटले.

पाळक न्याहारीला बसले होते. नाथाजींनी त्यांना पानावरून उठवलं. "भाकर घ्या. चला. तिला द्या."

"कबुली?"

"तुमी चला हो साहेब!" नाथाजी रडकुंडीला आले होते.

हरणाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरघर चालली होती. पाळकांनी प्रार्थना केली, भाकरीचा कणभर तुकडा द्राक्षारसात भिजवून तिच्या ओठांत दिला. तिनं तो जिभेवर धरून ठेवला, हळूहळू गिळला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून नाथाजींना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली.

"हरणाबाई, म्या लय चुकलो," ते म्हणाले. "तुज्या मनातलं मला काय ठावं..."

तिनं मान वळवली. डोळे नाथाजींवर होते, पण ती त्यांनाच बघत होती की आणखी कोणाला, हे सांगता येत नव्हतं. ओठ हलले. आवाज तिचा नव्हता. रागाचा नव्हता.

"वडील... तुमचं झालं का?"

पाळकांना वाटलं ती शुद्धीत नाही. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. नाथाजी उठून भिंतीला टेकले. "न्हाई," ते पुटपुटले. "न्हाई झालं... कवाच न्हाई व्हनार." हरणाबाईनं डोळे मिटले आणि दुपारच्या आत ती गेली. तिला मंडळीच्या दफनभूमीत मूठमाती दिली. पहिली मूठ नाथाजींनी टाकली.

संध्याकाळी ते खुरपं आणायला रानात गेले. धुकं कधीच विरलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं. बांधावर परक्या पावलाची खूण नव्हती. काल उपटलेला पिकला गहूही नव्हता, कोणी उचलून नेला असावा तसा एक दाणा न ठेवता गेला होता. त्या जागी एकच ताट पडलं होतं. हिरवं, मुळासकट, एकट्याचीच पेंढी बांधावी तसं मधोमध बांधलेलं.

नाथाजींनी जवळ जाऊन पाहिलं. बांधलं होतं ते हिरव्या काठाच्या चिंधीनं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून पुढं घेतलं. एका टोकाचा काठ फाटून गेलेला होता.

ते तिथंच खाली बसले. मग त्यांनी गाठ सोडली, सरीच्या कडेला खुरप्यानं जागा केली, ताट पुन्हा मातीत लावलं, बुडाशी माती दाबली आणि पाटातलं पाणी ओंजळीनं आणून घातलं. ते गहू होतं की तण, हे त्यांनी बुडाला बोट लावून पाहिलं नाही.

फाल्गुनात कापणी झाली. लीलाबाईनं त्या ताटाजवळ विळा थांबवून विचारलं, "ह्येचं काय करायचं?" नाथाजींनी तोंड फिरवलं. "मला इचारू नगंस." बायका त्याला वळसा घालून पुढं गेल्या.

गहू खळ्यावर गेला, रान उघडं पडलं. चैत्र तापला, जमिनीला भेगा गेल्या. ते एक ताट मात्र पाण्यावाचून तसंच हिरवं उभं आहे. नाथाजी रोज सकाळी जाऊन लांबूनच बघून येतात. अजून त्याला ओंबी आलेली नाही. आणि आता धुकं नसतं, कोणी दिसत नाही, तरी ते बांधावर पोचले की जवळच कुठंतरी धारेच्या दगडावर पाणी टाकल्याचा आवाज होतो.