भेंडीच्या झाडाआड

"थांबा... ओढणी अडकलीय तुमची."

कल्पिता थबकली. सरावलीच्या त्या रोपवाटिकेत बोगनवेलीच्या काट्यांत तिची ओढणी गुंतली होती, आणि एक सावळा, उंच तरुण वाकून ती सोडवत होता. ओढणीला दुखेल की काय, अशा बेतानं.

"सवय दिसते!" ती म्हणाली.

"वासरांच्या पायातले काटे काढतो. गुरांच्या दवाखान्यात आहे मी. दिपक." ओढणी तिच्या हातात देत तो हसला. "कुठलं झाड बघताय?"

"असं, की ज्याला रोज पाणी घालायला नको, फार निगा राखायला नको, खारा वारा सोसेल... आणि पटकन वाढेल."

"झाड शोधताय की नवरा?"

कल्पिताचे कान तापले. हसू मात्र आवरलं नाही. "भाड्याच्या खोल्या आहेत आमच्या, डहाणू गावात. भाडेकरू काही झाडांना पाणी घालत बसत नाहीत. आणि दाट हवं हं... पलीकडचं दिसायला नको."

"पलीकडे काय आहे?"

पलीकडे तिच्या आईच्या, मालूच्या वलांड्या होत्या. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या आणि त्यांवर वाळणारे बोंबील. मागचे भाडेकरू नाकाला रुमाल लावून निघून गेले होते.

"शेजारी... सुकी मासळी करतात," ती म्हणाली.

दिपकनं मान डोलावली. "मग भेंडी लावा, भाजीची नव्हे, झाडाची. खाडीकाठी कुणी न लावता वाढते. सुरूचं झाड नको, त्याचा कचरा फार." जरा थांबून तो म्हणाला, "मी खरं तर तुळस घ्यायला आलोय. पण ठेवायला अजून खोलीच मिळाली नाही."

"एक खोली रिकामी आहे आमची," कल्पिता बोलून गेली, आणि मग कितीतरी वेळ हातातल्या रोपाचं पानच चाचपत राहिली.

रविवारी तो खोली बघायला आला. दुचाकीच्या मागे भेंडीची रोपं बांधून! खोली बघायच्या आधी कुदळच मागितली. तो खड्डे खणत होता, ती रोपं धरत होती. माती लोटताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही हात लगेच मागे घेतले नाहीत.

"पाणी घे रे पोरा, ऊन लागेल."

मालू तांब्या घेऊन उभी होती. हाताला खवले चिकटलेले, लुगड्याला ओल्या मासळीचा वास.

दिपकनं तांब्या घेतला. "या...?"

"या..." कल्पितानं पटकन नजर वळवली. "या शेजारच्या मावशी."

मालूचा हात होता तिथंच थांबला. क्षणभरच. मग ती हसली. "हां, शेजारचीच. पलीकडं राहते." पदर सारखा करून ती वलांडीकडं चालू लागली.

कल्पिताला मान वर करवेना. पायाखालची माती तिला आत ओढून घेईल तर बरं, असं झालं. दिपक पाणी प्यायला, उरलेली रोपं लावली, हातपाय धुतले.

फाटकाशी तो म्हणाला, "तुमची आणि त्यांची चाल अगदी एक आहे."

तिनं फाटक धरलं.

"माझी आई अजून मजुरीला जाते. तलासरीच्या पुढं पाडा आहे आमचा. तिला इथं आणून समुद्र दाखवायचा होता..." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तिला तुम्ही कोण म्हणाला असता?"

गाडी लांब गेली तरी ती फाटक धरून उभी होती.

त्या संध्याकाळी मालूनं नेहमीसारखं ताट वाढलं. वर बोंबलाचा मोठा तुकडाही.

"आई, ओरड ना माझ्यावर."

"कशाला गो? खोलीसाठी बोललीस. भाडेकरू गेला असता."

"खोलीसाठी नाही..." कल्पिताला हुंदका फुटला.

"मग?"

लेकीच्या चेहऱ्याकडं बघता बघता मालूला कळलं. ती जवळ सरकली, तिचे डोळे पुसले. "वेडी गं वेडी! अगो, त्यालाच जर आपलासा करायचा, तर आईला किती दिवस लपवणार होतीस?"

दुसऱ्या दिवशी मालू डहाणू रोडच्या बाजाराला निघाली, तेव्हा कल्पितानं टोपली स्वतःच्या कमरेवर घेतली. मोठी झाल्यापासून ती तिथं कधी बसली नव्हती. कॉलेजातल्या ओळखीच्या मुली समोरून गेल्या, तेव्हा मान खाली गेली. तिनं ती बळंच वर केली. रोज ती आईशेजारी बसू लागली.

आणि एका दुपारी दवाखाना सुटल्यावर दिपक त्या रांगेतून आला. तिला बघून थबकला. वळून जावं की नाही, अशा घोटाळ्यात.

कल्पिता उभी राहिली. हातांना खवले तसेच.

"दिपक... ही माझी आई. मालू. त्या वलांड्या आमच्याच. वास येतो तो आमच्याच घराचा." आवाज थरथरत होता, पण मोठा होता. सगळ्या कोळणी वळून बघू लागल्या. "त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमच्याशी... आणि त्याहून जास्त तिच्याशी."

दिपक मालूसमोर उकिडवा बसला. "मावशी, खोली गेली का?"

"खोली आहे. पण तुझी झाडं मी काढून रस्त्याच्या अंगाला लावली. मोठी झाली तर वलांडीवर सावली पडेल. बोंबील काय तुझ्या दवाखान्यात सुकवू?"

"चूक माझीच," तो हसला. "तिथं पाणी मी घालीन."

मालूला गिऱ्हाईक आलं. दिपक उठून कल्पितापाशी आला.

"खूप राग आला होता," तो हळूच म्हणाला. "पण रागावून बसलो की... तुम्हीच आठवायचात. मग रागावता येईना."

कल्पिताच्या पापण्या खालीच होत्या. "मला अजून लाज वाटते... तुमच्याकडे बघायची."

"मग नका बघू," तो म्हणाला. "मी बघतो."