डाव्या बाजूचे दोन ठोके

गाडी माझ्या दादाची, पण चालवायच्या वहिनी. दादाला रस्त्याकडे बघण्यापेक्षा बोलायला जास्त आवडायचं, आणि बोलक्या माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊ नये असं वहिनींचं स्पष्ट मत होतं. त्यामुळे दादा मालकाच्या थाटात डावीकडे बसायचा आणि गाडी कुरकुरायला लागली की माझ्या गॅरेजात आणून सोडायचा. गॅरेज घराला लागूनच आहे. मधे फक्त अंगण.

पिकअप तशी जुनी. दारं लावायला जोर लागतो, खिडकीची काच अर्ध्यावर अडते, आणि नव्या गाड्यांचे मालक तिच्याकडे न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. पण इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं आणि चारही चाकं ओढतात. फक्त त्यासाठी खाली उतरावं लागतं. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खटका आहे. तो हाताने फिरवला की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. एका बाजूचा लावला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला, तर पुढची चाकं ओढत नाहीत. चिखलाच्या चढावर मग गाडी मागे घसरते.

दादा-वहिनींची त्यासाठी ठरलेली रीत होती. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवायची. उजवा खटका वहिनींनी लावायचा आणि परत स्टिअरिंगवर बसायचं. डावा दादाने लावायचा. डावं चाक आतून दिसत नाही, म्हणून काम झालं की दादा मडगार्डच्या पत्र्यावर पान्याने दोन ठोके द्यायचा. ते ऐकले की वहिनी क्लच सोडायच्या. तो चढ असा, की एकदा निघालेली गाडी मधे थांबवता येत नाही. म्हणून दादा चालत्या गाडीच्या मागच्या फाळक्याला धरून हौद्यात चढायचा आणि वर सपाटीपर्यंत उभ्यानेच यायचा. मी त्याला किती वेळा म्हटलं असेल, की अरे, वय काय, उड्या कसल्या मारतोस. पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

टेकडीवर वस्तीच्या पाण्याची टाकी आहे. तिथला पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणं हे दादाचं काम. गेल्या हिवाळ्यात धुक्याच्या एका सकाळी दोघं नेहमीसारखे गेले, आणि वहिनी एकट्या परत आल्या.

त्यांनी सगळ्यांना एकच हकिकत सांगितली. मला, वस्तीतल्या लोकांना, पोलिसांना, आणि एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "हे उतरले. मी माझा खटका लावून बसले. दोन ठोके ऐकले. क्लच सोडला. मग मागे कोणीतरी चढलं, गाडी डावीकडे दबली. वर जाऊन बघितलं तर हौदा रिकामा."

चढाच्या डाव्या हाताला दरी आहे आणि खाली नदी. लोकांनी दोर सोडून शोधलं, नदीचे काठ पालथे घातले. दादा सापडला नाही. त्याची चप्पलसुद्धा सापडली नाही.

आईचा कारभार एक घाव दोन तुकडे असा. "ठोके न ऐकताच हाकली हिने गाडी," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून वहिनींशी बोलणं बंद. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. वहिनी शेगडीपुढे हातभर अंतरावर उभ्या असायच्या आणि आई मला सांगायची, "तिला सांग, दूध उतू जातंय." मी सांगायचो. वहिनी गॅस बंद करायच्या. आमच्या घरात हसू येण्यासारखं तेवढंच उरलं होतं आणि त्यालाही कोणी हसत नव्हतं.

मला काय वाटायचं? धुकं, घाई, इंजिनाचा आवाज. भास झाला असेल. मी मेकॅनिक माणूस. गाडीत काही वाजलं तर काहीतरी सैल आहे, यापलीकडे माझी श्रद्धा जात नाही. मी हे तोंडाने कधी बोललो नाही, पण वहिनींना ते कळत होतं. एकदा अंगणात कपडे वाळत घालताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्या जगाने विश्वास ठेवायला नको, भावोजी. घरातल्या एका माणसाने ठेवला तरी मला पुरे आहे."

टाकीचं काम आता त्या एकट्याच बघत होत्या. पाणी कोणासाठी थांबत नाही.

एके दिवशी त्या गाडी घेऊन गॅरेजात आल्या. "डावा खटका बघा जरा."

"घट्ट झालाय?"

"नाही. मला तो लावावाच लागत नाही. उजवा लावून त्या बाजूला जाते, तर तो लावलेला असतो."

मी खाली बसून पाहिलं. उजव्या खटक्यावर मागच्या फेरीचा चिखल वाळून दगड झाला होता. डावा मात्र चकचकीत होता. रोज हात लागणाऱ्या दाराच्या कडीसारखा.

मी तो उघडला. आतली स्प्रिंग ताठ होती, दाते शाबूत होते, कुठे झीज नाही. हाताने फिरवताना माझी बोटं दुखली. असा खटका धक्क्याने किंवा चाकाच्या फिरण्याने आपोआप लागत नाही. "उतरल्यावर सोडायला विसरत असाल," मी म्हटलं.

"विसरत असेन," वहिनी म्हणाल्या. लहान मूल हट्टाला पेटलं की आपण जशी मान डोलावतो, तशी त्यांनी मान डोलावली.

मी ग्रीस भरलं, झाकण बसवलं, दोन्ही खटके मोकळे सोडले आणि हात धुऊन जेवायला गेलो. परत आलो तेव्हा डावा लावलेला होता. गॅरेजला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. खटक्यावर ग्रीसचा जाड थर मीच चोपडला होता. तो थर जसाच्या तसा होता, त्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता.

मनात पाल चुकचुकली. पण मी लगेच स्वतःला समजावलं, की मीच उलटा फिरवला असेन. वहिनींना जे ऐकवलं, तेच स्वतःला ऐकवलं.

त्यानंतर मागचे पाटे आले. गाडीचं सगळं ओझं पेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या. डाव्या बाजूच्या दोन तुटलेल्या. रिकाम्या गाडीचे पाटे असे तुटत नाहीत. मी विचारलं, "हौद्यात काय नेता हो?"

"हत्यारांची पेटी. तीही उजवीकडे असते."

मी डाव्या बाजूला नवे पाटे घातले. नवे पाटे ताठ असतात, त्यांच्यावर वजन आलं की करकरतात. ते बसवून मी गाडीभोवती एक चक्कर मारली. दोन्ही बाजू एका पातळीत होत्या. माझ्या हातचं काम आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आणि मग मी ठरवलं, की आपणच एकदा बरोबर जायचं. माझा हिशेब साधा होता. डावीकडे मी उतरेन, ठोके मी देईन. केबिनमध्ये ते नीट ऐकू येतात की नाही, एवढं तरी कळेल. ऐकू येत नसतील तर भास होता हे ठरेल. येत असतील तर आईपुढे उभं राहून सांगता येईल. या घरात कधी ना कधी कोणीतरी कोणाशी तरी बोलायला हवं होतं.

निघताना आई दारात बसली होती. वहिनी गाडी वळवत होत्या, खिडकी उघडी होती, त्यांना सगळं ऐकू जात होतं. आई मला म्हणाली, "तिला सांग, याला तरी परत घेऊन ये."

तो निरोप मी दिला नाही. द्यायची गरजही नव्हती. वहिनींच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

वर चढताना धुकं लागलं. चढाच्या पायथ्याशी वहिनींनी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून त्या उतरल्या, उजवा खटका लावला आणि परत बसल्या. मी डावीकडून उतरलो. चाकाच्या आणि दरीच्या मधे पाऊल मावेल एवढीच जागा होती. माती ओली होती आणि खालून नदीचा आवाज येत होता. धुक्यामुळे ती किती खाली आहे ते दिसत नव्हतं.

चाकापाशी मी उकिडवा बसलो. आज खटका मोकळा होता. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. तोल जाऊ नये म्हणून डावा हात मडगार्डवर टेकवला आणि उजव्या हाताने खटका फिरवला. तो टक् करून बसला.

पाना माझ्या खिशात होता. मी अजून उठलोही नव्हतो.

माझ्या डोक्याच्या वर, पत्र्यावर, दोन ठोके पडले.

कानांनी ऐकले असते तर मी भास म्हटलं असतं. पण माझा तळहात त्या पत्र्यावर होता. दोन्ही वेळा पत्रा तळहाताखाली थरथरला. मी वर पाहिलं. माझाच हात होता आणि धुकं होतं.

गाडी हलली.

चाकाने मला खांद्याला ढकललं. टाच मातीवरून सुटली. मी ओरडलो असेन, पण इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. हाताला एक झुडूप लागलं. त्याला दोन्ही हातांनी धरून मी कडेवर पालथा पडलो. गाडी माझ्या डोळ्यांपुढून वर सरकत गेली. दार, हौदा, फाळका.

हौदा रिकामा होता. मी तो पाहिला.

मग नवे पाटे करकरले. गाडी मागून डावीकडे खाली दबली, आणि तशीच दबलेली धुक्यात दिसेनाशी झाली.

मी तिथेच पडून राहिलो. दादाही असाच उकिडवा बसला असणार. त्याचाही पाना खिशातच असणार. ठोके त्याने दिलेच नव्हते. आणि ठोके त्याने दिले नव्हते, तर मागे जे चढलं तेही दादा नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही.

चढ चालून वर आलो तेव्हा सपाटीवर गाडी उभी होती. वहिनी आरशात मागे बघत होत्या. धुक्यातून चालत येणारा मी दिसलो आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही मागे चढला होतात ना?"

"नाही."

त्यांनी वळून मागच्या हौद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "ठोके?"

हो म्हणालो असतो तर त्या घाबरल्या नसत्या. पण मग त्या सकाळचा त्यांचा शब्द आयुष्यभर खोटाच राहिला असता.

"मी दिले नाहीत, वहिनी," मी म्हटलं. "पण वाजले. मी स्वतः ऐकले."

त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि त्या मोठ्याने रडल्या. दादा गेल्यावर त्या अशा रडल्याच नव्हत्या. "मी ऐकले होते," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी ऐकले होते हो, भावोजी."

"हो वहिनी. ऐकले होते."

मला इतकी लाज वाटत होती आणि इतकं बरंही वाटत होतं, की मग ठोके दिले कोणी, हे विचारायला दोघांचीही जीभ रेटली नाही. वहिनींनी डोळे पुसले, पंपाच्या खोलीत जाऊन व्हॉल्व्ह उघडला, पंप बघितला. मी गाडीजवळ थांबलो. हौद्यात उजवीकडे हत्यारांची पेटी होती, बाकी काही नाही. तरी गाडी डावीकडे झुकलेली होती.

उतरताना तशीच. खालच्या सपाट डांबरी रस्त्यावरही तशीच. बॉनेटची कड समोरच्या रस्त्याशी तिरकी दिसत होती. इतक्या वर्षांच्या सवयीने मला ते दिसणारच. वहिनींनाही दिसत असणार, कारण त्या प्रत्येक वळणावर जपून वळवत होत्या, मागे कोणी उभं असलं की वळवतात तशा. मी माझ्या बाजूच्या आरशात एकदाही बघितलं नाही. घरी गेल्या गेल्या आईला काय सांगायचं, तेवढंच मनाशी घोकत होतो. वहिनी खरं बोलत होत्या, आई. आम्ही सगळे चुकलो.

दुपारच्या लख्ख उन्हात गाडी अंगणात आली. आई अजून दारातच होती. उंबऱ्यावर हात टेकून ती उठली.

वहिनींनी इंजिन बंद केलं. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं.

मागे पाटे करकरले. माझी सीट, माझं दार, गाडीची सगळी डावी बाजू हळूहळू वर आली आणि पातळीत थांबली.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या दाराच्या जरा मागे बघत होती, आणि तिचा चेहरा गेल्या हिवाळ्याच्या आधी असायचा तसा झाला होता. मग तिने वहिनींकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"आणलंस गं त्याला," आई म्हणाली, आणि आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी दारातून बाजूला सरकली.