चावी कुणी दिली?

किरणोत्सर्ग मोजणारा किरणगणक गप्प राहिला. डॉ. इरावती देऊसकरांनी तो घड्याळाच्या आणखी जवळ नेला, पार काचेला टेकवला, तरी त्यातून आवाज फुटेना. मग त्यांनी कपाटातून एका जुन्या विमानातलं उंचीमापक काढलं आणि गणक त्याच्यावर धरला. तो लगेच तडतडायला लागला. म्हणजे गणकात काही बिघाड नव्हता.

समोर बसलेल्या यशोधन पारसनीसांचा चहाचा कप हातातच राहिला. ते नाशिकच्या या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत आले होते ते निव्वळ एका शिक्क्यासाठी. संग्रहालयात मनगटी घड्याळांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि ज्या जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा लेप असतो त्यांची आधी नोंद करावी लागते, असा नियम होता. पारसनीसांचं घड्याळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, केव्हाच बंद पडलेल्या एका स्विस कारखान्याचं. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच गणकाखाली ते चांगलं खणखणीत बोललं होतं.

"रेडियम उडून जातं का हो?" त्यांनी विचारलं.

"निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात," इरावतीबाई म्हणाल्या. "हे घड्याळ दोन दिवस माझ्याकडे ठेवा."

पारसनीसांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. त्याचं कारण समजायला हा गृहस्थ कसा होता हे सांगायला हवं. पुण्यात चावीच्या घड्याळांचे वेडे साठ-सत्तर तरी असतील, त्यांचं एक मंडळ होतं आणि पारसनीस त्या मंडळाचे परीक्षक होते. हातात घड्याळ आलं की ते आधी मागचं झाकण उघडत, डोळ्याला भिंग लावत आणि मग बराच वेळ काही बोलत नसत. समोरच्या माणसाला तेवढ्यात घाम फुटे. एका दंतवैद्यानं मोठ्या हौसेनं आणलेलं घड्याळ त्यांनी तबकडी पुन्हा रंगवलेली आहे म्हणून परत केलं होतं. तो बिचारा रडवेला झाला, तरी यांना दया आली नाही. "नक्कल कितीही हुबेहूब असली तरी तिला मूळच्या जागी बसवायचं नाही," असं ते भर सभेत म्हणाले होते. हे वाक्य मंडळाच्या पत्रिकेवर छापलेलं असे आणि पारसनीसांना त्याचा अभिमान होता.

आणि आता त्यांचं स्वतःचं घड्याळ मुकं झालं होतं.

दोन दिवसांनी इरावतीबाईंचा फोन आला. घड्याळातल्या पोलादात लोखंडाचे सगळे अणू एकाच वजनाचे निघाले होते. निसर्गातलं लोखंड असं कधी नसतं, त्यात हलके-भारी चार प्रकारचे अणू ठरलेल्या प्रमाणात मिसळलेले असतात, मग ते खाणीतलं असो नाहीतर उल्केतलं. इतकं शुद्ध, एकाच समस्थानिकाचं लोखंड फक्त यंत्रानं गाळून काढता येतं, आणि ही विद्या दहा-बारा वर्षांपलीकडची नाही. तेव्हा हे घड्याळ युद्धाच्या आधीचं असणं शक्य नव्हतं.

पारसनीसांनी पुढचं नीट ऐकूनच घेतलं नाही. घड्याळ त्यांच्या मनगटावरून हलत नसे. गेल्या काही वर्षांत ते दुसऱ्याच्या हाती गेलं होतं ते एकदाच, दिवाळीत, तेलपाण्यासाठी. आणि ते गेलं होतं अनंत केळुसकरकडे.

केळुसकर म्हणजे कॉलेजपासूनचा दोस्त. बँकेतली चांगली नोकरी सोडून त्यानं लक्ष्मी रोडच्या एका बोळात जुनी घड्याळं दुरुस्त करायचं टेबल मांडलं होतं. पारसनीस त्याच रविवारी मंडळाच्या सभेत उभे राहिले आणि आपलं मूळ घड्याळ केळुसकरनं बदललं, असं सगळ्यांसमोर म्हणाले. केळुसकर वाद घालत बसला नाही. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, "यशा, माझ्या टेबलावरून तुझं घड्याळ जसं आलं तसंच गेलं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. सभेनं त्याचं नाव मंडळाच्या यादीतून कमी केलं. घरी आल्यावर सुनेत्रानं, पारसनीसांच्या बायकोनं, नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. चाळीस वर्षांच्या मैत्रीपेक्षा तुला एक यंत्र जास्त वाटतं का, असं तिनं विचारलं. पारसनीस जेवले नाहीत.

घड्याळ परत घ्यायला ते नाशिकला गेले तेव्हा इरावतीबाईंनी दार लावून घेतलं. त्यांच्यासमोर दोन मोठे फोटो होते, एक तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीतला आणि एक आताचा. झाकणाच्या आतल्या बाजूचा प्रत्येक ओरखडा दोन्हीकडे तसाच होता. बॅलन्स व्हीलखालच्या एका स्क्रूचा कोपरा पूर्वी कुणाच्या तरी हातून घसरून किंचित छाटला गेला होता, तोही तसाच.

"अशी नक्कल माणसाच्या हातून होत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक अणू कुठे आहे हे वाचणारं यंत्र लागतं, आणि वाचून तसंच्या तसं रचणारं दुसरं यंत्र. पण हे दुसरं यंत्र अणू आपल्या कोठारातून घेतं. कोठारात लोखंड असतं ते गाळलेलं, एकाच वजनाचं. आणि रेडियम कोठारात ठेवत नाहीत, घातक असतं म्हणून. त्याची जागा ते रिकामी सोडून देतं."

"असं यंत्र आहे कुणाकडे?"

इरावतीबाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, "पारसनीस, तुम्ही प्रक्षेपमार्गानं कधी गेला होतात?"

गेले होते. एकदाच. दोन वर्षांपूर्वी वेलिंग्टनला त्यांची मुलगी मुक्ता बाळंत व्हायची होती. सुनेत्रा विमानानं आधीच पोचली होती. मुक्ताचं अचानक अवघड झालं, डॉक्टर काही सांगेनात, आणि विमानाची वाट बघायला वेळ नव्हता. तेव्हा पारसनीसांनी तळेगावचं प्रक्षेपस्थानक गाठलं. काचेच्या खोलीत उभं राहायचं, डोळे मिटायचे, उघडायचे. डोळे उघडले तेव्हा समोर वेलिंग्टन होतं. तासाभरात ओजस जन्माला आला, आणि नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनीच. परत येताना ते सुनेत्राबरोबर विमानानं आले. तिला ती काचेची खोली मुळीच पसंत नव्हती.

"पण कंपनी म्हणते, माणूसच पाठवतात. त्याचाच देह, त्याचेच अणू."

"कंपनी म्हणते खरं. तपासणीही कंपनीच करते. आम्हा लोकांना आधीपासून शंका होती, कारण देह पाठवायला लागेल तेवढी शक्ती त्या स्थानकाला मिळतच नाही. फक्त वाचन पाठवायला मात्र ती पुरते." त्यांनी एक बारीक कानस पुढे केली. "तुमच्या दाढेचा जरासा किस द्याल का? आपल्या दातात हवेतून, अन्नातून आलेला कार्बन असतो. तोही हलका-भारी मिसळलेला असतो. प्रत्येक जिवंत माणसाच्या."

पारसनीसांना हसायला आलं. मग हसणं थांबलं. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

उत्तर यायला दुपार झाली. इरावतीबाईंनी कागद दाखवला नाही, नुसतं सांगितलं. दाताचा कार्बन एकाच वजनाचा होता. गाळलेला. त्या कार्बनला कधी हवा लागलेलीच नव्हती.

पारसनीस परतीच्या गाडीत स्वतःच्या हाताकडे बघत बसले. अंगठ्यावर लहानपणी विळीनं कापल्याचा व्रण होता. तो व्रणही कुणीतरी वाचून रचला होता, स्क्रूच्या छाटलेल्या कोपऱ्यासारखा. आईचा आवाज आठवत होता, सुनेत्राला पहिल्यांदा बघितलं ती खिडकी आठवत होती, आणि यातलं काहीच या हातांनी केलेलं नव्हतं. त्यांना भयंकर भीती वाटली. मग एक प्रश्न डोक्यात आला आणि ती भीती त्यापुढे काहीच नाही असं झालं. त्यांनी इरावतीबाईंना फोन लावला.

"वाचन करताना मूळ वस्तू मोडते का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "वाचून झाल्यावर ती जिथल्या तिथे असते."

मागे राहिलेल्या मूळ माणसाला मारून टाकलं तर खून, सोडून दिलं तर बिंग फुटणार. मग कंपनी त्याचं करते काय? पारसनीसांनी त्या रात्री नाना उत्तरं काढली आणि एकेक करून टाकून दिली. सुनेत्राला त्यांनी काही सांगितलं नाही. तिच्या शेजारी झोपायलाच ते अवघडले, आणि पाठ दुखते असं सांगून बाहेरच्या खोलीत पडून राहिले. एक गोष्ट मात्र लख्ख दिसत होती. केळुसकरचा काही दोष नव्हता. सकाळी उठून त्याच्याकडे जायचं आणि त्याचे पाय धरायचे, एवढं त्यांनी ठरवलं.

पण सकाळी केळुसकरच दारात उभा होता. त्याला बघून सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती चहा टाकायला आत गेली. पारसनीस माफी मागायला लागले, तर त्यानं हात वर करून थांबवलं आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

"हे बघ आधी."

घड्याळ होतं. तेच घड्याळ. पारसनीसांच्या मनगटावर होतं ते, आणि टेबलावरही तेच. काल निघताना इरावतीबाईंनी सोबत दिलेला छोटा किरणगणक कपाटावर पडला होता. पारसनीसांनी तो टेबलावरच्या घड्याळाजवळ नेला. तो तडतडू लागला.

"आज दुकान उघडलं तर एक बाई थांबली होती," केळुसकर हळू आवाजात सांगू लागला. बाई परिचारिका होती, तळेगावला कंपनीच्या आरोग्यनिवासात कामाला. तिथे जे लोक ठेवलेत त्यांना सांगतात, की प्रक्षेप फसला, शरीरात दोष राहिलाय, बाहेर गेलात तर घरच्यांच्या जिवाला धोका. घरी कळवलंय, घरचे वाट बघताहेत, असंही सांगतात. तिला आधी हे खरंच वाटायचं. पण मग एका पेशंटच्याच चेहऱ्याचा, त्याच्याच नावाचा माणूस तिला पुण्यात एका लग्नात जेवताना दिसला. तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"किती लोक आहेत?"

"तीन मजले, म्हणाली."

पारसनीस खुर्ची ओढून बसले. केळुसकर पुढे बोलत होता. काल रात्रपाळीत एका पेशंटनं तिच्या हातात हे घड्याळ दिलं. आज पहाटे ती निघताना परत मागून घेतलं, काहीतरी केलं आणि पुन्हा दिलं. हे केळुसकरला द्या, दुसऱ्या कुणालाही नको, असं त्यानं बजावलं होतं. घरचा पत्ता त्यानं दिला नव्हता, घरच्यांना धोका नको म्हणून.

"नाव सांगायचीही गरज नाही म्हणाला," केळुसकर म्हणाला. "केळुसकर घड्याळ बघेल आणि माझं आहे हे ओळखेल. त्याच्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे, असं म्हणाला तो."

हे ऐकून पारसनीसांना रडू कोसळलं. त्या माणसानं दोन वर्षं बंद खोलीत बसून जगातला एकच भरवशाचा माणूस निवडला होता, आणि इकडे यांनी त्याच माणसाला भर सभेत चोर ठरवलं होतं.

त्यांनी डोळे पुसून घड्याळ हातात घेतलं. पट्टा तोच होता. वर्षानुवर्षं चौथ्या भोकात बसल्यानं तिथे कातडं दबलेलं होतं. पण आता त्याच्याही आत, दुसऱ्या भोकापाशी, ताजी खोल घडी पडली होती. मनगट बारीक झालं होतं त्याचं. घड्याळ चालू होतं. सवयीनं पारसनीसांनी चावी दोन बोटांत धरून फिरवून बघितली. ती हलेना. चावी पूर्ण भरलेली होती.

"तू दिलीस?"

"मी हात लावला नाही. त्या बाईला तर चावी कुठे असते हेही ठाऊक नव्हतं."

रोज अंघोळ झाली की घड्याळ मनगटावर बांधायच्या आधी अडेपर्यंत चावी द्यायची. मनगटावर असताना कधीही द्यायची नाही, दांडीवर ताण येतो. ही शिस्त पारसनीसांची होती. आज सकाळी, तळेगावला, ती कुणीतरी पाळली होती. त्याला तर ओजसचं नावही माहीत नव्हतं. मुक्ता वाचली की नाही हेही माहीत नव्हतं.

"यशा," केळुसकर म्हणाला, "मी कुणापाशी बोलणार नाही. त्याला बाहेर काढलं तर तुझं काय, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तू ठरव."

पारसनीसांच्या मनातही तो आला होता. गप्प बसलं तर हे घर, ही बायको, व्हिडिओवर आजोबा म्हणून हाक मारणारं ते पोर, सगळं आहे तसं राहणार होतं. कुणालाही कधी कळलं नसतं. क्षणभर त्यांना ते फार हवंसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. कपाटाच्या काचेआड मंडळाची पत्रिका उभी होती आणि तिच्यावरचं वाक्य इथूनही वाचता येत होतं.

सुनेत्रा चहाचा ट्रे घेऊन आली. टेबलावरचं घड्याळ बघितलं, मग नवऱ्याच्या मनगटावरचं बघितलं.

"आता ही दोन कशी झाली?" ती म्हणाली. दोघे मित्र पुन्हा एकत्र बसलेले बघून ती खुशीत होती. "यातलं खरं कुठलं, परीक्षक?"

तीस वर्षांत या प्रश्नाला पारसनीस कधी अडखळले नव्हते. त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि ते घड्याळ दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं.

"खरं ते," त्यांनी सांगितलं. "माझं हे."

मग त्यांनी तिच्या हातातून ट्रे घेतला आणि तिला खुर्चीत बसवलं.

"सुनेत्रा, आपल्याला तळेगावला जायचंय. तुझ्या नवऱ्याला आणायला."