घर लागेपर्यंत

लांबच्या गावी बिऱ्हाड हलवायचे असेल तर काय करावे, हे वसाहतीतल्या कोणालाही विचारले असते तर त्याने वहिनींच्या दाराकडे बोट दाखवले असते. त्यांचे यजमान पुलांची तपासणी करणारे अभियंता. पूल जिथे, तिथे बिऱ्हाड. इतक्या बदल्या पचवल्यावर वहिनी आता शेजारणींना चहा गाळता गाळता धडे देत. जी खोली सर्वांत कमी वापरात, ती आधी बांधावी. पलंग सोडला की त्याचे स्क्रू पुरचुंडीत घालून पलंगाच्याच पायाला बांधावेत. वेगळे ठेवलेले स्क्रू नव्या घरी कधीही सापडत नाहीत. पुस्तके लहान खोक्यात, उशा मोठ्या खोक्यात. उलट केले की हमालाची कंबर जाते आणि तिच्यामागोमाग आपल्या बश्या. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून दार उघडे ठेवावे. चहाचे पातेले, औषधे, टॉवेल, बल्ब आणि कात्री ही सगळी एका पिशवीत घालावीत आणि ती पिशवी ट्रकमध्ये न देता आपल्या मांडीवर घ्यावी.

"आणि माणसं कुठल्या खोक्यात घालायची, वहिनी?" शेजारीण थट्टेने विचारी.

"माणसं मोकळीच न्यायची," वहिनी म्हणत. "फक्त कोण खिडकीशी बसणार ते आधी ठरवून घ्यायचं."

या सगळ्या नियमांच्या वरचा एक नियम मात्र त्या कोणाला सांगत नसत, कारण तो त्यांच्याच घरापुरता होता. यजमानांची थोरली बहीण त्यांच्याजवळ राहत असे. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली होती. तिच्यासाठी प्रत्येक नवे घर वहिनी जुन्या घरासारखेच लावत. दारातून आत आले की उजव्या हाताला खुर्ची, खुर्चीची पाठ सोडली की हाताला येईल असे भिंतीलगतचे टेबल, पुढे कपाट, कपाटाच्या कडेला वळले की मागची खोली. स्वयंपाकघरात मीठ डावीकडे, साखर उजवीकडे, कपांचे कान एकाच बाजूला. भिंती बदलत, वाट बदलत नसे. वन्सं हसून म्हणत, "बदल्या तुमच्या होतात गं. मी आपली आहे तिथंच आहे."

शेवटच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा मात्र वहिनींच्या मनात काही तरी मोडले. वन्संचा त्यांना राग नव्हता. कंटाळाही, म्हणावा तसा, नव्हता. त्यांना फक्त एकदा, एकच घर, आपल्या मनासारखे लावायचे होते. खिडकीपाशी गोल टेबल, खुर्च्या तिरप्या, मधोमध गालिचा. इतक्या साध्या इच्छेसाठी कोणी माणूस सोडून जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ती यजमानांनासुद्धा सांगितली नाही. जिना फार आहे, गाव परके आहे, वन्संना इथेच ठेवू, एवढेच सांगितले. यजमानांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "बघ, तुला योग्य वाटेल ते" असे म्हटले. त्यांच्या आवाजातली सुटका वहिनींना ऐकू आली.

सामान बांधायला आलेल्या मुकादमाने मागच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारले, "हे पण घ्यायचं ना, बाई?"

"घ्या. सगळं घ्या."

"आणि आजी?"

"त्या मागाहून येतील."

 मुकादमाने चिकटपट्टी ओढली. चर्र असा आवाज झाला आणि रिकाम्या होत चाललेल्या घरात तो अंमळ जास्तच घुमला.

अंध वृद्धांसाठी चालवलेल्या एका आश्रमात वन्संना पोचवले, तेव्हा त्यांनी नव्या खाटेची कड चाचपून पाहिली.

"घर लागायला किती दिवस जातील गं?"

"लांबचा पल्ला आहे, वन्सं. पण शेवटचं खोकं रिकामं झालं, की दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्हाला न्यायला येते."

"मग काय, तुझ्या हाताला उरक आहे." वन्संनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "मी पिशवी सोडतच नाही. उगाच परत भरायची."

नवे घर तिसऱ्या मजल्यावर होते. वहिनींनी ते झपाट्याने लावले. गोल टेबल खिडकीशी गेले, खुर्च्या तिरप्या झाल्या, गालिचा अंथरला. पहिल्या संध्याकाळी त्या टेबलाशी बसल्या आणि त्यांना खरोखरच आनंद झाला. नंतर तो आनंद आठवला की त्यांना घास गिळवत नसे. वन्संच्या सामानाची तीन खोकी तेवढी मागच्या खोलीत भिंतीशी रचून ठेवली होती. ती उघडली नव्हती. ती उघडली नाहीत तोवर घर लागले असे होत नव्हते, आणि घर लागले नाही तोवर शब्द मोडला असेही होत नव्हते. जिने आयुष्यात कोणतेही खोके दुसऱ्या दिवसापर्यंत बांधलेले राहू दिले नाही, ती बाई आता रोज त्यांच्यावरची धूळ पुसत असे.

आश्रमातून एकदा फोन आला. "ताई विचारताहेत हो."

"अजून खोकी आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि हे अक्षरशः खरे होते.

पहिले खोके उघडले ते एका दुपारी. वहिनी बाजारातून परतल्या, तो स्वयंपाकघरात कपांचे कान एका बाजूला वळलेले. मीठ डावीकडे, साखर उजवीकडे. मागच्या खोलीत पुठ्ठा सपाट करून सुतळीने बांधून ठेवलेला होता, त्या स्वतः बांधत तसाच, गाठ मधोमध.

संध्याकाळी त्यांनी हसत हसत विचारले, "आज कामाची हौस आली वाटतं?"

"मला?" यजमान म्हणाले. "अगं, तूच तर उघडत होतीस. फाइल विसरली म्हणून दुपारी येऊन गेलो. मागच्या खोलीत खाली बसून पट्टी कापत होतीस. हाक मारली, तर मान वर केली नाहीस. म्हटलं, कामात आहे, उगीच बोलणी कशाला खा."

"मी बाजारात होते, अहो."

"मग उन्हातून आलो, भास झाला असेल." त्यांनी वहिनींच्या पदराकडे पाहिले. "पण तू ही निळी साडी नेसली होतीस."

दोघांनीही पुढे विषय काढला नाही.

दुसऱ्या खोक्यावर वहिनींनी नवी पट्टी लावली आणि वर लोखंडी ट्रंक ठेवली. एके दिवशी जेवणानंतर त्या जराशा कलंडल्या असता घरात कुठेतरी चर्र असा आवाज झाला. हवेत कापलेल्या पुठ्ठ्याचा कोरडा वास आणि त्यात मिसळलेला डांबराच्या गोळ्यांचा, वन्संच्या कपाटात असे तो, वास. वहिनी उठल्या नाहीत. डोळे मिटून पडून राहिल्या. आपण झोपलो आहोत असे दाखवून कोणाला फसवतो आहोत, हे त्यांना कळेना. बऱ्याच वेळाने पाहिले तो ट्रंक कडेला नीट सरकवलेली होती आणि वन्संच्या पलंगावर चादर अंथरलेली होती. एकही सुरकुती नव्हती.

राहिलेल्या खोक्याजवळ त्या खुर्ची घेऊन बसल्या. दुपार कलली. भिंतीवरचे ऊन पिवळे झाले, मग विटकरी झाले, मग नाहीसे झाले. आणि बाहेरच्या खोलीत चपला वाजू लागल्या. घरातल्या चपला, डावी किंचित फरपटत... वहिनींची डावी चप्पल अशीच वाजे. त्यांनी खाली पाहिले. त्यांच्या चपला त्यांच्याच पायांत होत्या.

बाहेर खुर्ची सरकली. घसटत नव्हे, उचलून, अलगद. अंध माणूस झोपले असताना सामान हलवायचे तर कसे हलवावे, हे अनेक वर्षांच्या सवयीने ज्याच्या हातांना ठाऊक आहे, तसे कोणी तरी घर लावत होते. घाई नव्हती. धुसफूस नव्हती. टेबल भिंतीला टेकल्याचा हलका ठोका ऐकू आला. गालिचा गुंडाळल्याची सळसळ झाली...

"कोण आहे?" वहिनींनी विचारले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

चपला थांबल्या. मग पुन्हा चालू झाल्या.

सारे शांत झाल्यावर त्या भिंतीला धरून बाहेर गेल्या. उजव्या हाताला खुर्ची. हाताला येईल असे टेबल. मग कपाट. ती जुनी वाट जशीच्या तशी त्यांच्यापुढे पडली होती आणि ती वाट त्यांना मागच्या खोलीकडे परत घेऊन आली. तिथे शेवटचे खोके सपाट होऊन सुतळीने बांधलेले होते.

यजमान घरी आले तेव्हा वहिनी पिशवी भरत होत्या. "मी सकाळच्या गाडीनं निघते. वन्संना आणते."

यजमानांनी इकडेतिकडे पाहिले. पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. "लावलंस का गं घर," एवढेच ते म्हणाले.

दिवसभर आणि रात्रभर गाडीत बसून वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रमात पोचल्या. वाटेत त्यांचे मन हलके होत गेले होते. काय बोलायचे ते ठरले होते. वन्संच्या पायांवर डोके ठेवायचे, टेबलाची गोष्टसुद्धा सांगून टाकायची; त्या हसतील, म्हणतील, "एवढंच ना, आधी बोलायचं नाहीस का?"

व्यवस्थापिका बाई त्यांना पाहून खुर्चीवरून उठल्या. "या ना. काही राहिलं का?"

"वन्संना न्यायला आलेय."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "ताईंना तर तुम्ही काल सकाळीच नेलंत."

वहिनींनी बाईंच्या टेबलाची कड धरली.

"पिशवी तुम्हीच उचललीत. त्यांना म्हणालात, चला, घर लागलं. किती रडल्या हो त्या, आनंदानं." बाईंचा आवाज खाली आला. "खरं सांगू? भेटायला इतकं नेमानं येणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. महिनाभर तरी रोज दुपारी येऊन बसत होतात. तुमची तब्येत बरी आहे ना?"

वहिनींनी घरी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो?" यजमान म्हणाले. आवाज प्रसन्न होता.

"अहो, मी बोलतेय. वन्सं इथं नाहीत. त्यांना कोणीतरी..."



"अहो, ऐकताय ना?"

"कोण बोलतंय?"

"अहो, मी..."

"हे बघा," यजमान हळू आवाजात म्हणाले, जणू घरातल्या कोणाला ऐकू जाऊ नये, "ती आत्ताच ताईला घेऊन आलीय. उद्या येणार होती. मी विचारलं, इतक्या लवकर कशा पोचलात... तर नुसती हसली." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "ती माझ्यासमोर उभी आहे. तुम्ही कोण?"

आणि त्या दोघांच्या मधल्या शांततेत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातून, वहिनींना स्वतःचा आवाज ऐकू आला. कित्येक वर्षांत त्या ज्या मायेने बोलल्या नव्हत्या, त्या मायेने तो आवाज म्हणत होता, "हात पुढं करा वन्सं... हं. अशा. सावकाश."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा कोणी उचलला नाही.

व्यवस्थापिका बाईंनी त्यांना दंडाला धरून वन्संच्या खोलीत नेले आणि पाणी आणायला त्या बाहेर गेल्या. परतीची गाडी संध्याकाळी होती. पण घरचे दार वाजवल्यावर ते कोण उघडील, हा विचार मनात आला. वहिनी वन्संच्या खाटेवर टेकल्या. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध अंध बाई पाय जवळ घेऊन बसली होती. तिने अंदाजाने हात पुढे केला, वहिनींचा हात शोधला आणि बोटे एकेक करून चाचपली.

"तुमचा हात ऊन आहे," ती म्हणाली. "म्हणजे रोज यायच्या त्या तुम्ही नव्हेत. त्यांचा गार असायचा."

वहिनींनी हात तिच्या हातात तसाच राहू दिला.

"मग तुम्हीच असाल," म्हातारी समाधानाने म्हणाली आणि तिने तो हात खाटेवरच्या उशीवर नेऊन ठेवला. "काल निघताना त्या सांगून गेल्यात. म्हणाल्या, अंथरूण काढू नका. या खाटेवर कोणीतरी यायचं आहे."